संगणकावरचे क्रिकेट : खरे किती, खोटे किती?



२०२५ च्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात आठवीच्या वर्गातले एक भांडण आमच्यापर्यंत आले. एका मुलाच्या घरी संगणकावर क्रिकेटचा खेळ आहे. त्यात खेळाडूंची नावे आणि गुण बदलता येतात. सुट्टीत चार-पाच जणांनी मिळून त्यात आख्खा वर्गच भरला. प्रत्येकाला फलंदाजीचे शंभरपैकी गुण, गोलंदाजीचे शंभरपैकी गुण. ती यादी वहीच्या पानावर उतरवली गेली आणि वर्गभर फिरली. एका मुलाच्या नावापुढे फलंदाजीचे अकरा गुण होते. का, तर सुट्टीपूर्वीच्या आंतरवर्गीय सामन्यात तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला होता. त्या दिवसापासून तो मुलगा मैदानावर यायचा बंद झाला.

यादी करणाऱ्यांना आम्ही बोलावून घेतले. ही मुले वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचे म्हणणे असे होते : "सर, गेम खोटं बोलत नाही. आम्ही शंभर मॅच खेळवून बघितल्या. तो दरवेळी लवकरच आउट होतो."

चार शब्द रागावून विषय मिटवता आला असता. पण या अंकाचे काम पाहणारे आम्ही चौघे, म्हणजे दोन शिक्षक, एक पालक आणि एक माजी विद्यार्थी, त्या संध्याकाळी बराच वेळ याच वाक्यावर बोलत बसलो. "गेम खोटं बोलत नाही" हे खरे आहे का? संगणकातले क्रिकेट मैदानावरच्या क्रिकेटसारखे आहे की नाही, हे ठरवायचे कसे? प्रश्न खेळातला असला तरी त्याचे उत्तर शाळेच्या उपयोगाचे आहे, असे आम्हांला वाटले. म्हणून हा लेख.

पुस्तकाच्या पानांपासून सुरुवात

असा खेळ आपल्याला नवा नाही. उधन्यात, लिंबायतमध्ये किंवा जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत शिकलेल्या आजच्या कितीतरी पालकांनी तासाला मागच्या बाकावर बसून बुक क्रिकेट खेळलेले असेल. पुस्तक उघडायचे, डाव्या पानाचा क्रमांक बघायचा, शेवटचा आकडा म्हणजे धावा. शून्य आले की बाद. डाव्या पानावर सम आकडेच येतात, म्हणजे ०, २, ४, ६ आणि ८. आमच्या वेळी ८ आला की एक धाव धरत असू.

आता याचाच हिशोब करू. पाच आकडे, प्रत्येकाची शक्यता सारखी. म्हणजे पाच चेंडूंत एकदा बाद, आणि उरलेल्या चार चेंडूंवर २ + ४ + ६ + १ अशा १३ धावा. फलंदाजाची सरासरी झाली १३. सगळा संघ सरासरीने १३० धावांत बाद होणार, आणि तोही ५० चेंडूंत, म्हणजे आठ षटके दोन चेंडूंत. षटकाला पंधराहून अधिक धावा! खऱ्या एकदिवसीय सामन्यांत साधारणपणे षटकाला पाचच्या आसपास धावा होतात आणि एका बळीमागे तीसच्या आसपास धावा व सुमारे सहा षटके जातात. बुक क्रिकेटमध्ये शतक व्हायचे तर हजार डावांत एखाद-दुसरे. म्हणजे बुक क्रिकेट मजेचे खरे, पण क्रिकेटसारखे मात्र नाही. हे आपण कोणाच्या मतावरून म्हणत नाही, आकड्यांवरून म्हणतो. नववी-दहावीच्या मुलांनी हा हिशोब स्वतः करून पाहावा. सगळे गणित संभाव्यतेच्या पाठातलेच आहे.

संगणकाचा खेळ आतून याच जातीचा असतो. पानांच्या जागी संगणक स्वतः आकडे काढतो, आणि शक्यता सगळ्यांना सारखी न ठेवता फलंदाज, गोलंदाज, खेळपट्टी, चेंडू जुना की नवा यांप्रमाणे बदलतो. अमेरिकेत बेसबॉलच्या शौकिनांनी हे काम संगणक घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी केले. 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' नावाचा फाशांचा आणि पत्त्यांचा खेळ तिकडे १९६१ पासून आहे. प्रत्येक खेळाडूचे एक कार्ड, त्यावर त्याच्या खऱ्या हंगामातल्या कामगिरीवरून काढलेले आकडे. लोक घरी बसून आख्खा हंगाम पुन्हा खेळतात आणि शेवटी आपले आकडे खऱ्या आकड्यांशी ताडून पाहतात. खेळ चांगला की वाईट, याचा निवाडा तिथे चित्रांवरून होत नाही, या ताळ्यावरून होतो.

क्रिकेटमध्ये असा कप्तानी करण्याचा खेळ 'इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टन' या नावाने १९९८ मध्ये आला. बॅट तुम्ही फिरवायची नाही, संघ निवडायचा, गोलंदाज बदलायचे, बाकीचे संगणक पाहतो. दुसऱ्या प्रकारात बटणे दाबून फटके मारायचे. २००६ मध्ये आलेला ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७' आपल्या माजी विद्यार्थ्यांना चांगलाच आठवत असेल, कारण सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून तो खेळला जाई. आता पुण्याच्या नॉटिलस मोबाईलचे 'रियल क्रिकेट' मुलांच्या नव्हे, बहुधा आईबाबांच्या मोबाईलमध्ये असते. बटणांच्या खेळात बोटांची चपळाई आकड्यांत मिसळते, आणि सामने पाच षटकांचे असल्याने फलंदाज पहिल्या चेंडूपासून बॅट फिरवतो. तेव्हा खेळ पारखायचा असेल तर दोन्ही बाजू संगणकाकडेच द्याव्यात, षटके पूर्ण ठेवावीत आणि आपण फक्त वही घेऊन बसावे.

पहिली पारख : सरासरी

पहिली पारख सोपी. पुष्कळ सामने खेळवा. षटकाला धावा किती, एका बळीमागे धावा किती, अवांतर किती, बाद होण्याचे प्रकार कोणते, हे लिहा. खऱ्या क्रिकेटमध्ये निम्म्याहून अधिक फलंदाज झेलबाद होतात. तुमच्या खेळात सगळेच त्रिफळाचीत होत असतील, किंवा सामन्यात एकही धावबाद होत नसेल, तर काहीतरी चुकले आहे. हे बहुतेक मुलांना कळते, आणि इथेच ती थांबतात. सरासरी जुळली की खेळ खरा, असे समजतात.

पण सरासरी जुळवणे सर्वांत सोपे असते. एक पाय बर्फात आणि एक पाय निखाऱ्यावर ठेवलेला माणूस सरासरीने मजेत असतो, असे म्हणण्यासारखेच ते आहे. एक फलंदाज दर डावात बरोबर ५० धावा काढतो, दुसरा एकदा शून्य आणि एकदा शंभर. सरासरी दोघांची सारखीच, पण तुमच्या संघात यांपैकी कोण खेळतो आहे, यावरून सामना पुरता बदलतो.

दुसरी पारख : शून्ये आणि शतके

म्हणून दुसरी पारख धावा कशा पसरल्या आहेत याची. यासाठी आम्ही मुलांबरोबर फळ्यावर एक गंमत करून पाहिली. समजा, फलंदाज कितीही धावांवर असो, पुढची धाव निघण्याआधी बाद होण्याची शक्यता त्याला नेहमी सारखीच आहे. चौकार-षटकार सोडून द्या, धावा एकेक करूनच निघतात असे धरा. सचिन तेंडुलकरची कसोटीतली सरासरी ५३.७८. या नियमाने त्याला दर धावेमागे बाद होण्याची शक्यता साधारण ५५ मध्ये एक. शंभर धावांपर्यंत पोहोचायचे म्हणजे हा धोका शंभर वेळा चुकवायचा. हिशोब केला तर शंभर डावांतले सुमारे सोळा डाव शतकाचे निघतात. सचिन कसोटीत ३२९ डाव खेळला, म्हणजे शतके यायला हवीत ५२ च्या आसपास. त्याची खरी शतके आहेत ५१!

वर्गात टाळ्या पडल्या. मग ब्रॅडमनचा हिशोब केला. सरासरी ९९.९४, डाव ८०. नियम सांगतो, शतके २९ किंवा ३०. खरी शतके २९. मुलांना वाटले, क्रिकेटचे गुपितच हाती लागले.

आणि मग आम्ही शून्ये मोजायला सांगितली. त्याच नियमाने सचिनची शून्ये यायला हवीत सहा. प्रत्यक्षात आहेत चौदा. ब्रॅडमनचे शून्य जेमतेम एखादे यायला हवे होते, प्रत्यक्षात सात आली. नियम शतकांना बरोबर आणि शून्यांना साफ चुकीचा! याचे थोडे कारण आपण धावा एकेक धरल्या हे आहे, पण मोठे कारण मैदानावर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. डोळा बसेपर्यंत ब्रॅडमनसुद्धा साधा माणूस असतो. पहिले काही चेंडू सगळ्यांनाच जड जातात. नंतर तो स्थिरावतो आणि मग त्याला बाद करणे कठीण होते.

जो खेळ हे जाणत नाही, सचिनला पहिल्या चेंडूवर आणि ऐंशी धावांवर सारखाच मानतो, त्याची सरासरी बरोबर आली तरी तो खेळ खोटा आहे. तुमच्या घरच्या खेळात मोठे फलंदाज किती वेळा शून्यावर बाद होतात, हे मोजून पाहा. खेळ बनवणाऱ्याने नुसते आकडे पाहिले आहेत की क्रिकेटही पाहिले आहे, हे तिथे कळेल.

तिसरी पारख : अघटितासाठी दार

तिसरी पारख आमच्या मते सगळ्यांत अवघड. कधी कधी खऱ्या मैदानावर असे काही घडते की कोणाला सांगितले तर पटू नये. संगणकाने तशा गोष्टीला दार ठेवले आहे का?

लांब जायला नको. आपल्या सुरतमध्येच, पिठावाला मैदानावर, ९ नोव्हेंबर २०२५ रोजी रणजी करंडकाच्या प्लेट गटात मेघालय आणि अरुणाचल प्रदेश यांचा सामना चालू होता. मेघालयाचा आकाशकुमार चौधरी, मुळात गोलंदाज, खाली फलंदाजीला आला. पहिल्या तीन चेंडूंवर त्याच्या दोन धावा झाल्या. त्यानंतरच्या आठ चेंडूंवर त्याने आठ षटकार मारले. अकरा चेंडूंत अर्धशतक, प्रथम श्रेणी क्रिकेटमधले सर्वांत जलद. एका षटकात सहा षटकार मारणाऱ्या गॅरी सोबर्स (१९६८) आणि बडोद्याविरुद्ध तो पराक्रम करणाऱ्या रवी शास्त्री (१९८५) यांच्या पंगतीत तो सुरतच्या मैदानावर जाऊन बसला. हेच तुमच्या संगणकात घडले असते तर तुम्ही काय म्हटले असते? "गेम बिघडला" असेच ना?

उलट टोकाचेही उदाहरण घ्या. १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्या. उत्तरादाखल सुनील गावस्कर साठही षटके खेळपट्टीवर उभा राहिला आणि १७४ चेंडूंत नाबाद ३६ धावा घेऊन परतला. संगणकाने आपल्या सर्वोत्तम फलंदाजाला असे खेळवले तर मुले खेळ पुसून टाकतील. आणि अजित आगरकर? १९९९-२००० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सलग पाच डावांत शून्य. कसोटीतली एकूण सरासरी १६.७९. त्याच आगरकरने २००२ मध्ये लॉर्ड्सवर नाबाद १०९ धावा केल्या. लॉर्ड्सवरचे कसोटी शतक सचिनच्या नावावर नाही, आगरकरच्या नावावर आहे.

म्हणून ज्या खेळात असे कधीच घडत नाही तो खोटा. पण दर दोन सामन्यांत कोणीतरी आठ षटकार मारत असेल तर तोही खोटाच. दार असावे, पण अरुंद असावे. आणि एक मर्यादा कबूल केली पाहिजे. काही गोष्टी कोणत्याच संगणकात येणार नाहीत. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा तेव्हाचा विश्वविक्रम अवघ्या नऊ धावा दूर होता. काठेवाड संघाने पुढे खेळायलाच नकार दिला आणि सामना तिथेच संपला. मान-अपमानाचा हा आकडा कोणत्या कार्डावर छापणार?

चौथी पारख : समोर कोण होते?

आकडा एकटा कधीच बोलत नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. पराक्रम मोठाच आहे आणि मुलाच्या दमाला आमचा नमस्कार. पण समोरचा संघ त्या सामन्यात ३१ आणि ५२ धावांत बाद झाला होता, हेही त्याच धावफलकावर लिहिलेले आहे. हा १००९ चा आकडा जसाच्या तसा संगणकात भरला तर प्रणव ब्रॅडमनच्या दसपट ठरेल. चांगला खेळ धावा बघतो तशी समोरची गोलंदाजीही बघतो. तसे न करणारा खेळ दुबळ्यांसमोर मिळवलेल्या धावा आणि कठीण प्रसंगी मिळवलेल्या धावा एकाच तागडीत टाकतो.

आता मूळ भांडणाकडे

मुलांचा युक्तिवाद आठवा. "शंभर मॅच खेळवल्या, तो दरवेळी लवकर आउट होतो." अहो, अकरा गुण कोणी भरले? तुम्हीच. संगणकाने ते शंभर वेळा परत दिले, एवढेच. पेरले तेच उगवले. शंभर सामन्यांनी तो मुलगा कच्चा आहे हे सिद्ध झाले नाही. संगणक सांगितलेले विसरत नाही, इतकेच सिद्ध झाले.

मग अकरा हा आकडा आला कुठून? एका डावावरून. इथे सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. फलंदाजाच्या धावा डावागणिक इतक्या वरखाली होतात की थोड्या डावांची सरासरी फार फसवते. ज्याची खरी योग्यता ४० ची आहे, त्याचे २५ डाव पाहिले तर तीनपैकी दोन वेळा सरासरी ३२ ते ४८ या पट्ट्यात येईल, आणि तिसऱ्या वेळी त्याच्याही बाहेर जाईल. शंभर डाव पाहिले तर पट्टा ३६ ते ४४ असा अरुंद होतो. चारच डाव पाहिले तर तो २० ते ६० एवढा रुंद असतो. आणि एकच डाव पाहिला तर? त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.

हेही सुरतच्याच मैदानावर घडून गेले आहे. २४ सप्टेंबर २०१९ रोजी लालाभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्या महिला संघांचा टी-२० सामना झाला. पंधरा वर्षांची एक मुलगी भारतासाठी पहिल्यांदाच खेळत होती. ती शून्यावर बाद झाली. त्या रात्री यादी केली असती तर तिला किती गुण पडले असते? अकरासुद्धा नाही. तिचे नाव शफाली वर्मा. आठवड्याभरात याच सुरतमध्ये तिने ४६ धावा केल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय अर्धशतक करणारी सर्वांत लहान भारतीय खेळाडू होताना सचिनचा विक्रम मोडला. पुढे २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले आणि ती सामन्याची मानकरी ठरली. त्या विश्वचषकासाठी निवडलेल्या मूळ संघात तर तिचे नावही नव्हते.

सगळी मुले शफाली होत नाहीत, हे आम्हांला कळते. अकरा गुण मिळालेला आमचा विद्यार्थी उद्या भारतासाठी खेळेल असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कदाचित तो खरोखरच सामान्य फलंदाज असेल. पण ते एका चेंडूवरून ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही, वर्गमित्रांना नाही आणि संगणकालाही नाही.

आणि शिक्षकांना? इथे आम्ही जरा थबकलो. एका घटक चाचणीचे गुण पाहून "याला गणित जमत नाही" असे आम्ही शिक्षकखोलीत किती सहज म्हणून जातो! पालकही शेजारच्या मुलाचे टक्के ऐकून तसेच म्हणतात. त्या दिवशी तो आजारी होता का, घरी रात्रपाळीचा गोंगाट होता का, प्रश्नपत्रिका कशी होती, हे कोण विचारतो? एकदा शिक्का बसला की पुढच्या प्रत्येक चाचणीकडे आपण त्याच नजरेने पाहतो, संगणकासारखेच. मुलांनी आमचीच रीत उचलली, हे कबूल करायला आम्हांला लाज वाटत नाही. वाटायला हवी ती रीत चालू ठेवण्याची.

आमच्या सूचना

काही पालकांचे म्हणणे आमच्या कानावर आले आहे की हे खेळ मुळात बंदच करावेत. त्यांची काळजी खोटी नाही. खेळापायी अभ्यास आणि झोप दोन्ही बुडतात, डोळे लाल होतात. वेळेची मर्यादा घरातूनच घातली गेली पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण बंदी घातली म्हणजे मुले चोरून खेळतील आणि "गेम खोटं बोलत नाही" हे वाक्य मनात तसेच राहील. त्यापेक्षा खेळाची उलटतपासणी करायला शिकवावे. जो मुलगा खेळाचे आकडे तपासायला शिकला, तो उद्या वर्तमानपत्रातले, जाहिरातीतले आणि निवडणुकीतले आकडेही तपासून घेईल.

म्हणून विश्वस्त मंडळाकडे आमच्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, शाळेसाठी धावनोंदणीच्या चांगल्या वह्या घ्याव्यात. आंतरवर्गीय सामन्यांची आपल्याकडे आजवर नीट नोंदच नाही. कोण जिंकले एवढे आठवते, कोणी किती चेंडू खेळले हे कोणालाच माहीत नसते. यापुढे प्रत्येक सामन्याची चेंडूगणिक नोंद व्हावी, आणि मुलींच्या सामन्यांचीही तितक्याच काळजीने व्हावी. ज्याची नोंद नाही, त्याच्याविषयी मग ऐकीव गोष्टीच खऱ्या ठरतात.

दुसरी, शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर संगणक कक्ष आठवी-नववीच्या मुलांसाठी उघडा राहावा. खेळ संगणकाने खेळावा आणि मुलांनी आकडे मांडावेत. गणिताच्या शिक्षकांपैकी एकाने तिथे थांबण्याची तयारी दाखवली आहे.

तिसरी विनंती खर्चाची नाही. शाळेचा संघ निवडताना एका सामन्यावरून कोणालाही वगळू नये. निदान महिनाभर सराव बघावा, मग ठरवावे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना धावनोंदणी येते, त्यांनी एखादा शनिवार जरूर द्यावा. शिकवायला दोन तास पुरतात, आणि शिकलेली मुले पुढच्या वर्गाला शिकवतील.

राहता राहिली ती यादी. ती बनवणाऱ्या मुलांनीच तीवर पुन्हा बसून विचार केला. अकराचा आकडा त्यांनी खोडला. मग तिथे काय लिहायचे यावर वाद झाला. कोणी म्हणाले पन्नास, कोणी म्हणाले जागा रिकामी सोडा. शेवटी एका मुलीने सुचवले ते सगळ्यांना पटले, आणि त्याच्या नावापुढे एवढेच लिहिले गेले : "डाव १."

हे पान त्याला दाखवायला चौघे त्याच्या घरी जाऊन आले. तो अजून मैदानावर आलेला नाही. पण येत्या शनिवारी वही धरायला येईन, असे तो म्हणाला आहे.